भिंतीला बांधलेली बोट

माझी मुलगी बोटीवर राहते हे मी वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. शिकागोजवळ आमच्या नेपरव्हिलमध्ये ओळखीचं कुणी भेटलं, दिवाळीच्या कार्यक्रमात एखाद्या काकूंनी विचारलं, की "न्यूयॉर्कला असते" म्हणायचे. ऐकणारा मॅनहॅटन समजायचा. मी समजू द्यायचे.

खरं तर ती होती न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडे, शहरापासून चार तासांवर, एका जुन्या कालव्यात. तिची बोट चाळीस फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद. अशा बोटींना नॅरोबोट म्हणतात. त्या इंग्लंडच्या कालव्यांवर असतात, अमेरिकेत क्वचितच दिसतात. एका निवृत्त जोडप्याने ती हौसेने लोखंडी पत्र्यांची बांधून घेतली होती आणि सत्तरी उलटल्यावर झेपेना म्हणून विकायला काढली. माझ्या मुलीचं लग्न चार वर्षांनी मोडलं आणि त्यानंतर सहा महिन्यांत तिने ही बोट घेतली. तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. तिचं काम कॉम्प्युटरचं, कुठूनही करता येण्यासारखं. ते ती बोटीतून करायची.

लग्न का मोडलं हे आम्हाला कधी नीट कळलं नाही. "इट जस्ट डिडन्ट वर्क, आई," एवढंच ती म्हणाली. मारहाण नाही, दुसरी बाई नाही, दारू नाही. जावई आम्हाला अजूनही दिवाळीला मेसेज करतो. काहीतरी घडलं असतं तर मला त्यावर बोलता आलं असतं.

मी भूलतज्ज्ञ होते. छत्तीस वर्षं रोज सकाळी अनोळखी माणसं माझ्यासमोर आडवी व्हायची आणि मी त्यांचा श्वास, रक्तदाब, शुद्ध, सगळं माझ्या ताब्यात घ्यायचे. याची एक सवय लागते. कुणाचं काय बिघडलंय ते आकड्यांत दिसलं की माझा हात आपोआप योग्य औषधाकडे जायचा. मुलीच्या बाबतीत मला काहीच दिसत नव्हतं. ती हसायची, वेळेवर फोन उचलायची, काय जेवली ते सांगायची. आणि तरी फोन ठेवला की मला वाटायचं, हिचं काहीतरी माझ्या नजरेतून सुटतंय.

त्या वर्षी हिवाळा लवकर आला. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगला अजून अवकाश होता, पण आमच्याकडे दोनदा बर्फ पडून गेलं होतं. हिवाळ्यात तो कालवा बंद करतात. त्याआधी तिला बोट दोन दिवसांच्या अंतरावरच्या बोटयार्डात न्यायची होती. तिथे क्रेनने बोट पाण्याबाहेर काढून ठेवतात. ती एकटीच नेणार होती.

"मी येऊ का?" मी फोनवर विचारलं.

मग ती म्हणाली, "तुला थंडी वाजेल."

"शिकागोत राहते मी. थंडीचं मला सांगू नकोस."

"ओके," ती म्हणाली. "ये."

नवऱ्याने नुकताच गुडघा बदलून घेतला होता, त्यामुळे तो येऊ शकत नव्हता. तो सिव्हिल इंजिनिअर, पाण्याची कामं केलेला. त्याने मला तीन प्रकारचे हातमोजे घेऊन दिले आणि कालव्याचा नकाशा छापून दिला. मी जाताना एक तिकीट काढलं आणि येतानाची दोन. दुसरं मुलीच्या नावाचं. ते मी तिला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. बोट एकदा यार्डात लागली की तिला चार महिने घरी आणायचं आणि चार महिन्यांत पुढचं बघायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

बोट पाहिली तेव्हा मला पहिल्यांदा तिच्या नीटनेटकेपणाचं नवल वाटलं. मुलीची घरातली खोली आठवत होती, कपड्यांचे ढीग, पलंगाखाली कप. इथे प्रत्येक वस्तूला जागा होती. एका टोकाला पलंग, मग चिंचोळं बाथरूम, मग ओटा, मग लाकडं जाळायची छोटी शेगडी आणि दोन खुर्च्या. दोन माणसं एकमेकांना ओलांडून जाऊ शकत नव्हती. एकीला जायचं असलं की दुसरीने खुर्चीत बसायचं. मी नेलेल्या भाजणीच्या आणि मेतकुटाच्या पिशव्या तिने हातात घेऊन वजन पाहिलं, कुठे ठेवायच्या याचा विचार केला आणि पायरीखालचा एक कप्पा उघडला.

"इथे कोरडं राहतं," ती म्हणाली.

पहिला दिवस चांगला गेला. बोट चालण्याच्या वेगाने जाते. ती मागे उघड्यावर उभी राहून सुकाणूचा दांडा धरायची आणि मी शेजारी उभी. दोन्ही बाजूंना पानं झडलेली झाडं, मधूनच एखाद्या घराची मागची बाजू, झाकून ठेवलेली बार्बेक्यूची शेगडी. इतर बोटी केव्हाच गेल्या होत्या. वारा तोंडावर येत होता आणि आम्ही दोघी टोप्या भुवयांपर्यंत ओढून उभ्या होतो.

वाटेत लॉक लागतात. पाणी जिथे खालच्या पातळीवर उतरतं तिथे काँक्रीटची मोठी पेटी असते, दोन्ही टोकांना दारं. बोट आत घ्यायची, मागचं दार लागतं, पाणी सोडतात, बोट हळूहळू खाली जाते, मग पुढचं दार उघडतं. आत असताना बोट भिंतीपासून लांब जाऊ नये म्हणून भिंतीवरचा दोर धरून उभं राहायचं. बोटीच्या मागच्या टोकाला ती दोर धरायची, पुढच्या टोकाला मी. एवढंच माझं काम होतं, पण पहिल्या लॉकमध्ये मी दोर इतका घट्ट धरला की पाणी खाली गेलं तसं माझं टोक वर राहिलं आणि बोट कलली. ओट्यावरचे दोन कप पडून फुटले.

"सोडत जा, आई," ती मागून म्हणाली. "धरायचं आणि सोडत जायचं. बोथ."

ती ओरडली नव्हती. पण निवृत्त होईपर्यंत कुणी माझ्या हातांना कसं वागायचं ते सांगितलं नव्हतं आणि मला ते लागलं.

दुपारी मी विषय काढला. किती दिवस असं राहणार, काही ठरवलंयस का, असं सगळं. ती समोर बघत होती. "आय लाइक इट हिअर," म्हणाली.

"पण एकटी?"

"हो."

"पुन्हा कुणी भेटलं तर..."

"आई, मला समोर बघायचंय," ती म्हणाली. वळण आलं होतं, ते खरं होतं. पण वळण संपल्यावरही ती समोरच बघत राहिली.

संध्याकाळी कालवा संपून नदी सुरू झाली. त्या भागात कालवा म्हणजे नदीच, बांध घालून अडवलेली. प्रत्येक बांधाशेजारी एक लॉक. पाऊस लागला होता आणि आम्ही लॉकपाशी पोचलो तर दिवा लाल. लॉक चालवणारा माणूस केशरी जाकीट घालून भिंतीवरून चालत आला. साठीचा, उंच, बोलायला सावकाश. त्याने सांगितलं, डोंगरात खूप पाऊस झालाय, नदी चढतेय, खालची दोन लॉक बंद केली आहेत. उद्यापर्यंत इथेच भिंतीला बोट बांधून थांबा.

"उद्या उघडेल का?" मी विचारलं.

तो पाण्याकडे बघून म्हणाला, "मॅम, ते मी ठरवत नाही."

नवऱ्याला फोन केला. त्याने नकाशा समोर पसरला असावा, कागदाचा आवाज येत होता. "नदीच्या पात्रात आहात का तुम्ही? बांधाच्या वर? किती वर?" मी खिडकीतून पाहिलं. बांध दिसत होता, अगदी समोर. नदीवर एक पूल आणि पुलाच्या खाली टांगलेल्या लोखंडी फळ्या, त्या फळ्यांनी पाणी अडवलेलं. "दीडशे पावलं असेल," मी म्हणाले. कागदाचा आवाज थांबला. मग म्हणाला, "तिला फोन दे." दोघं दहा मिनिटं इंग्रजीत दोरांबद्दल बोलत होते.

दुसरा दिवस पूर्ण पावसाचा गेला. सकाळी पाऊस, दुपारी त्यात बर्फाचे खडे, आणि सगळा वेळ वारा. पाणी चढत होतं. पाणी चढलं की बोट चढते आणि दोर सैल पडतात, म्हणून तासाला बाहेर जाऊन ते आवळायचे. ती जायची आणि मी शेगडीत लाकडं घालायचे. ती ओली होऊन यायची, मी टॉवेल द्यायचे, ती खुर्चीत बसून लॅपटॉप उघडायची, अर्ध्या तासाने पुन्हा उठायची. "मी येते," मी दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा ती म्हणाली, "तू घसरशील." मी सदुसष्ट वर्षांची, भिंत ओली, ते बरोबरच होतं.

नदी तपकिरी झाली होती. तिच्यातून झाडं वाहत येत होती, मुळांसकट. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, एक लाकडी जिना आला. ओंडके लॉकच्या दाराशी जमा होत होते. लॉकवरच्या माणसाने आणि त्याच्या जोडीदाराने लांब काठ्यांनी ते ढकलून पाहिले, ते हलेनात. दार मोकळं झालं असतं तर त्यांनी आमची बोट आत पेटीत घेतली असती, तिथे ती सुरक्षित राहिली असती. तसं तो येऊन सांगून गेला. सांगताना त्याचा चेहरा अपराध्यासारखा होता, त्याचा काही दोष नसताना.

तीनच्या सुमारास एक ओंडका बोटीवर आदळला. शेगडीवरची खिचडी सांडली. बाहेर ती मागचा दोर भिंतीवरच्या खुंटाभोवती गुंडाळत होती, बोट हिसकली आणि तिची उजव्या हाताची दोन बोटं दोर आणि खुंट यांच्यामध्ये सापडली. ती आत आली तेव्हा तिने तो हात दुसऱ्या हातात धरला होता, आणि ती मला "सॉरी" म्हणाली.

मी तिला खुर्चीत बसवलं. दोन्ही बोटं मोडली होती. नखांत रक्त येऊ लागलं होतं, पण टोकं गरम होती, रक्तपुरवठा होता. लाकडी चमच्याचा दांडा मोडून मी त्याची पट्टी केली, मऊ फडकं गुंडाळलं, बांधलं. माझे हात स्थिर होते. त्या दोन दिवसांतली ती दहा मिनिटं मला काय करायचं ते ठाऊक होतं, आणि मी अगदी शांत झाले, जवळजवळ आनंदी. मग मी तिच्याकडे पाहिलं. ती डोळे मिटून, ओठ घट्ट आवळून बसली होती. लहानपणी इंजेक्शन घेताना अशीच बसायची.

"रड ना," मी म्हणाले. "कोण आहे इथे."

"तू आहेस," ती म्हणाली.

आजही ते दोन शब्द कसे घ्यायचे मला कळत नाही.

लॉकवरच्या माणसाने ॲम्ब्युलन्स बोलवायची तयारी दाखवली. मुलगी नको म्हणाली, बोट सोडून जाणार नाही म्हणाली. मी डॉक्टर म्हणून सांगितलं की उद्यापर्यंत चालेल. ते खरं होतं. पण मी आई म्हणून हट्ट धरला असता तर त्या दुपारी आम्ही दोघी हॉस्पिटलात असतो आणि पुढचं जे झालं ते आमच्या हातांनी झालं नसतं. त्या रात्री आम्ही दर दोन तासांनी गजर लावून बरोबरच दोर बघितले. ती डाव्या हाताने, मी टॉर्च धरून.

सकाळी वारा पडला होता आणि बर्फ पडत होतं, मोठं, संथ. नऊ वाजता लॉकवरचा माणूस आला. त्याने आत यायला नकार दिला, दारातच उभा राहिला. नदी आणखी चढणार आहे, तो म्हणाला, म्हणून बांधाच्या फळ्या वर उचलाव्या लागतील, नाहीतर बांधच जाईल. फळ्या उचलल्या की अडवलेलं पाणी एकदम निघून जाईल. आता चढलेलं पाणी इथे काही फूट उतरेल आणि प्रवाह जोरात होईल. बोट भिंतीला घट्ट बांधलेली राहिली तर दोरांना लटकेल आणि उलटेल. म्हणून तुम्ही दोघी आता बाहेर या, भिंतीवर उभ्या राहा आणि पाणी उतरेल तसे दोर सोडत जा. मला फळ्यांपाशी जावं लागणार आहे, माझा जोडीदार पलीकडे आहे. इथे तुमच्याबरोबर उभं राहायला माणूस नाही.

"किती वेळ आहे?" मुलीने विचारलं.

"वीस मिनिटं."

तिने लॅपटॉप, पासपोर्ट आणि औषधांची पेटी एका पाठपिशवीत भरली. मी माझी पर्स घेतली. ती एकदा आत वळून बघेल असं मला वाटलं होतं, पण ती सरळ बाहेर आली आणि दार लावून घेतलं.

भिंतीवर बर्फ साचलं होतं. मागचा दोर तिने घेतला, डाव्या हातात, आणि पुढचा मला दिला. दोर खुंटाभोवती तीन वेढे घेऊन माझ्या हातात आला होता. "वेढे काढायचे नाहीत," ती म्हणाली. "थ्री टर्न्स. फक्त सैल करायचं, थोडं थोडं. जड झालं तर मला सांग." मी मान डोलावली. आमच्यामध्ये चाळीस फुटांचं अंतर होतं.

पुलावर यंत्रं सुरू झाल्याचा आवाज आला. पहिली फळी वर गेली, मग दुसरी. सुरुवातीला काही झालं नाही. मग पाण्याचा आवाज बदलला. भिंतीवर ओली पट्टी दिसू लागली, आधी बोटभर, मग वीतभर, आणि बोट खाली जाऊ लागली. मी दोर सोडला, थोडा. पुन्हा थोडा. जमत होतं. मग दोर हलेना. तो ओला होऊन रात्रीच्या थंडीत कडक झाला होता आणि वेढे एकमेकांवर चढले होते. बोटीचं पुढचं टोक वर अडकलं आणि मागचं खाली गेलं.

"आई, सोड," ती म्हणाली.

"येत नाहीये."

"सोड. जोरात ओढ आणि सोड."

मी एक वेढा काढला. असं मला आठवतं. बोटं बधिर होती, हातमोजे ओले होते, मी वरचा वेढा उचलून खुंटावरून काढला, म्हणजे बाकीचे मोकळे होतील. ते मोकळे झाले. दोर माझ्या हातांतून धावला, तळव्यातून जाताना हातमोज्याचं कातडं फाडून गेला, आणि त्याचं टोक भिंतीवरून उडून पाण्यात पडलं.

मी तो सोडला की तो सुटला, हे मला आजही सांगता येत नाही. धरून ठेवायचा प्रयत्न मी केला का, तेही आठवत नाही. मला फक्त हात आठवतात, उघडे.

बोटीचं पुढचं टोक भिंतीपासून दूर गेलं. प्रवाहाने ते धरलं आणि बोट आडवी फिरली. आता सगळा भार मुलीच्या दोरावर होता. ती मोडलेला हातही लावून दोर धरायला बघत होती. मी तिच्याकडे धावले, घसरले, गुडघ्यावर पडले. "सोड," मी ओरडले. "सोड तो." दोर तुटला की तिने सोडला, ते मी पाहिलं नाही. मी वर बघितलं तेव्हा ती रिकाम्या हातांनी उभी होती आणि बोट नदीच्या मध्यावर होती.

बोट वेगाने गेली नाही. आरामात गेली, आडवी, धुराड्यातून अजून धूर निघत होता. पुलाच्या एका खांबाला मधोमध टेकली. पाणी तिच्या बाजूवर चढू लागलं. लॉकवरचा माणूस पुलावर होता, त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि नुसता उभा राहिला. तिथे कुणालाच काही करता येण्यासारखं नव्हतं. खिडक्यांपर्यंत पाणी आलं, बोट आमच्याकडे पाठ करून कलली, धूर थांबला. एक लाल खुर्ची बाहेर आली आणि खांबांच्या मधून निघून गेली. याला किती वेळ लागला मला माहीत नाही. पाच मिनिटं असतील.

आणि त्या पाच मिनिटांत, मी गुडघ्यावर बर्फात बसलेली असताना, माझ्या मनात आलं, की आता ती घरी येईल. ते शब्द इतके स्पष्ट होते की ते मी बोलले तर नाही ना, अशी मला भीती वाटली. मला बरं वाटलं. मी मान वळवली तर मुलगी बोटीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

तिने हात पुढे करून मला उठवलं, डावा हात.

लॉकवरच्या खोलीत हीटर होता. त्या माणसाने आम्हाला कॉफी दिली, आपलं कोरडं जाकीट तिच्या खांद्यावर घातलं आणि तीन वेळा "आय ॲम सॉरी" म्हणाला. मुलगीच त्याची समजूत घालत होती. नवऱ्याला मी फोन केला. बोट गेली, आम्ही ठीक आहोत, एवढं सांगितलं. तो म्हणाला, "मी तिला दोर डबल करायला सांगायला हवं होतं." मी म्हटलं, "त्याने काही झालं नसतं." कारण दोराचा काही प्रश्न नव्हता, पण ते मी त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान होतं. विमानतळावर मी पर्समधून दोन तिकिटं काढली. तिने आपल्या नावाचं तिकीट वाचलं, तारीख पाहिली, काढल्याची तारीखही पाहिली, आणि घडी करून खिशात ठेवलं. आदल्या दिवशीच हॉस्पिटलात तिच्या बोटांना नीट प्लास्टर घातलं होतं. विमानात ती झोपली. निदान डोळे मिटून होती.

ती पाच महिने आमच्याकडे राहिली. मला जे हवं होतं ते सगळं झालं. ती तिच्या जुन्या खोलीत होती, रोज तिला गरम जेवण मिळत होतं, बोटं नीट जुळली. वडिलांबरोबर ती ड्राइव्हवेवरचं बर्फ काढायची, तो काठी टेकत तिला सूचना द्यायचा आणि ती ऐकायची. माझ्याशीही नीट वागायची. भांडी घासायची, पोळ्या छान झाल्यात म्हणायची. मंडळाच्या संक्रांतीला माझ्याबरोबर आली, सगळ्या मावश्यांना तिळगूळ दिला. एकीने विचारलं, "सध्या काय करतेस?" ती म्हणाली, "आईकडे राहते." त्यांना ते गोड वाटलं.

मला रोज वाटायचं आज बोलू. सकाळी ती कॉफी घेऊन खिडकीशी बसायची तेव्हा मी समोर जाऊन बसायचे. ती वर बघून हसायची. मी विचारायचे, "अंडं करू?" ती म्हणायची, "नको, आय ॲम गुड." मी अंडं करायला उठायचे. एकदा तिच्या खोलीबाहेर मी पंधरा मिनिटं उभी होते, धुतलेले कपडे हातात घेऊन. आतून काहीच आवाज येत नव्हता. कपडे दाराशी ठेवून मी खाली आले. ऑपरेशन थिएटरमध्ये एवढा वेळ मी काही न करता उभी राहिले असते तर माणूस गेला असता.

मार्चच्या शेवटी तिला फोन आला. नदी उतरली होती आणि बोट खांबापासून सोडवून यार्डात नेली होती. एक बाजू दबली होती, आत चिखल भरला होता, इंजिन गेलं होतं, पण लोखंड शाबूत होतं. यार्डवाल्याने तिला विचारलं होतं, भंगारात देऊ का. ती नाही म्हणाली. यार्डातच एक खोली भाड्याने घेऊन बोट स्वतः दुरुस्त करणार होती. वेल्डिंग शिकणार होती. हे तिने आम्हाला जेवताना सांगितलं. नवऱ्याने पत्र्याची जाडी विचारली. मी वाटीत आमटी वाढत राहिले.

तिची ट्रेन संध्याकाळची होती. तिला सोडायला मी एकटी शिकागोला गेले, नवऱ्याला इतका वेळ गाडीत बसवत नव्हतं. स्टेशनसमोर गाडी थांबवली. पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबू देत नाहीत. ती सीटबेल्ट काढत होती तेव्हा मी बोलले.

"त्या दिवशी तो दोर मी सोडला की सुटला, मला माहीत नाही."

तिचा हात बक्कलवर थांबला.

"आणि बोट गेली तेव्हा मला बरं वाटलं," मी म्हणाले. "थोडा वेळ. तू घरी येशील म्हणून."

ती समोरच्या काचेतून बघत होती. माणसं सुटकेसी ओढत चालली होती. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

"तुझे हात गार पडले होते, आई," ती म्हणाली. "आय सॉ युअर हँड्स."

"पण मी सोडला असेन तर?"

"मला नाही माहीत," ती म्हणाली. हळू बोलली, मराठीतच. "मी सगळा विंटर तोच विचार केला. मला नाही माहीत. मला ते ठरवायला लावू नकोस."

मग ती उतरली. मागून दोन बॅगा काढल्या, एक खांद्यावर घेतली. माझ्या बाजूला येऊन तिने काच खाली करायची खूण केली. मी काच खाली केली. तिने आत हात घालून माझ्या गालाला लावला, दोन बोटं अजून नीट वाकत नसलेला हात, आणि म्हणाली, "पोचले की टेक्स्ट करते." मागच्या गाडीने पुन्हा हॉर्न दिला. मी मान डोलावली, गाडी गिअरमध्ये टाकली आणि निघाले. आरशात बघायचं होतं, पण डावीकडून बस येत होती आणि मला लेन बदलावी लागली.